समुद्र वर येतोय, बीच वाचवायचा कसा? भिंत, वाळू की प्रवाळ?

भटकी_मैना

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मागच्या सुट्टीत एका बेटावरच्या रिसॉर्टला गेलो होतो. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. वेबसाइटवर पांढरीशुभ्र पुळण. प्रत्यक्षात आमच्या खोलीच्या पायऱ्या हवेत लटकलेल्या, शेवटच्या पायरीखाली हातभर खड्डा आणि त्यात काळपट कापडाच्या वाळू भरलेल्या पिशव्या, त्यावर शेवाळ. नवरा पहिल्याच दिवशी घसरला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला खरखर आवाजाने जाग आली म्हणून पडदा सारून पाहिलं तर चार माणसं बेटाच्या पलीकडच्या टोकाची वाळू हातगाडीत भरून आणून आमच्या खिडकीसमोर ओततायत आणि पाचवा दाताळं फिरवून ती सारखी करतोय. नाश्त्यापर्यंत बीच तयार! संध्याकाळच्या भरतीला निम्मा गायब. सहाही दिवस हेच.

परत आल्यावर वाचायला घेतलं. सध्या निसर्गाकडून शिकलेल्या किनारा-रचनेची फार चलती दिसतेय, म्हणजे कृत्रिम प्रवाळ, खारफुटी, वाळूच्या टेकड्या, शिंपल्यांचे बांध वगैरे. चित्रं एकापेक्षा एक सुंदर. माझा प्रश्न साधा आहे, हे खरंच चालतं का की काँक्रीटलाच हिरवा रंग मारलाय? आणि चालत असेल तर जिथे लोकांना पोहायचंय, लोळायचंय, फोटो काढायचेत अशा पर्यटनाच्या किनाऱ्यावर चालतं का?

तिरपा_खेकडा

फुटक्या रांजणात पाणी भरायचा प्रकार झाला हा. पण त्या चौघांची नोकरी मात्र कायमची, समुद्र रिटायर होत नाही. :)

खडकाळ

माझं आयुष्य बंदरं आणि बंधारे बांधण्यात गेलं त्यामुळे भिंतीच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं ते मीच बोलतो, आणि मग तिच्या विरुद्धही मीच बोलतो.

भिंत जमीन वाचवते, बीच वाचवत नाही. हा फरक हॉटेलवाल्यांना सांगून सांगून घसा बसला. लाट उताराच्या वाळूवर चढते तेव्हा पसरते, दमते, थोडं पाणी वाळूत मुरतं आणि उरलेलं हळू परत जातं. तीच लाट उभ्या भिंतीवर आपटली की तिची बरीचशी ताकद तशीच परत फिरते, येणाऱ्या लाटेला भेटते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू ढवळून निघते. काही वर्षांत भिंत उभी, समोर वाळू शून्य. शिवाय भिंत जिथे संपते त्याच्या पुढच्या शेजाऱ्याचा किनारा जास्त वेगाने खाल्ला जातो, मग तोही भिंत बांधतो, मग त्याचा शेजारी. पण भिंतीमागे वस्ती असेल, दवाखाना असेल तर मी आजही भिंतच बांधीन, कविता करत बसणार नाही.

दुसरं गणित. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या पटीत असते. उंची निम्मी केलीत तर ऊर्जा पाव उरते. म्हणजे लाट 'थांबवायची' गरजच नाही, किनाऱ्याला पोचायच्या आधी तिची उंची थोडी छाटली तरी मोठं काम होतं. प्रवाळ, खारफुटी, समुद्रगवत सगळी हेच करतात, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

पाणबुड्या

खडकाळकाकांना अनुमोदन. जगभरच्या प्रवाळांवरचे अभ्यास एकत्र करून २०१४ साली काढलेली सरासरी आहे, प्रवाळाची रांग लाटांची ९७ टक्के ऊर्जा जिरवते आणि त्यातली बहुतेक एकटा त्या रांगेचा माथाच जिरवतो. पाण्याखालून हे बघायला विलक्षण असतं. बाहेरच्या अंगाला तुम्ही धोब्याच्या कपड्यासारखे आपटले जाताय आणि माथा ओलांडून आतल्या लगूनमध्ये, म्हणजे आडोशाच्या उथळ पाण्यात आलात की पाणी ताटात ठेवल्यासारखं.

पण मैनाताई, तुम्ही ज्या गोष्टीवर चिडलात ती मला वेगळीच वाटतेय. ती चार माणसं वाळू कुठून आणत होती म्हणालात? बेटाच्या दुसऱ्या टोकाकडून. मालदीवसारख्या ठिकाणी प्रवाळबेटांची वाळू वर्षातून दोनदा जागा बदलते. नैऋत्य मोसमी वारे असले की एका बाजूला साठते, ईशान्येकडून वाहायला लागले की फिरून दुसऱ्या बाजूला जाते. बेट जागच्या जागी कूस बदलतं म्हणा ना. वाळू 'गेली' नव्हतीच, ऋतूप्रमाणे पलीकडे गेली होती. काही महिन्यांनी आपोआप परत आली असती. पण खोलीचं बुकिंग बारा महिन्यांचं असतं.

भटकी_मैना

अय्या! म्हणजे ते बिचारे वाळूशी नाही, ऋतूशी भांडत होते.

चौकस

सगळे एवढे भारावून गेलेत म्हणून थोडं पाणी ओततो. समुद्र किती वाढतोय हे आधी बोला ना. १९०१ ते २०१८ मध्ये सरासरी २० सेंटीमीटर. एक वीत. आणि प्रशांत महासागरातल्या तुवालू देशाच्या १०१ बेटांची १९७१ ते २०१४ ची छायाचित्रं तपासली तर एकूण जमीन जवळपास ३ टक्के वाढलेली निघाली, घटलेली नाही. बेटं बुडाली बुडाली म्हणून ओरडणारे हे सांगत नाहीत.

खडकाळ

चौकस, आकडे दोन्ही बरोबर आहेत पण अर्धेच दिलेस. २००६ ते २०१८ मधला वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता, म्हणजे आधीच्या शतकाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. आणि एक वीत उभी मोजतोस, किनारा आडवा असतो बाबा. सपाट पुळणीवर पाणी वीतभर वर चढलं की आत किती सरकतं ते उतारावर ठरतं. १९६२ चा ब्रूनचा नियम ढोबळमानाने सांगतो की वाढीच्या ५० ते १०० पट किनारा मागे हटतो. नियमावर वाद भरपूर आहेत, मीही घातलेत, पण 'वीतभरच तर आहे' हे वाक्य त्यातून कुठल्याच बाजूने निघत नाही.

पाणबुड्या

आणि तुवालूची बेटं वाढली ती कशामुळे, चौकसभाऊ? जिवंत प्रवाळातून येणारी वाळू लाटांनी बेटावर आणून टाकली म्हणून. बेटाला हलायची मोकळीक होती. एका बाजूला झिजलं, दुसरीकडे भरलं. त्याच बेटाला चारी बाजूंनी काँक्रीटची चौकट घाला आणि मग मोजा.

चौकस

हा मुद्दा मान्य. बाकीचे नाही. :)

शंखपुष्पी

अवांतर: वाळू प्रवाळातून येते म्हणजे नक्की कशी? तुकडे होऊन?

पाणबुड्या

वादळात तुकडे होतातच. पण मालदीवच्या एका बेटाभोवती मोजलं तेव्हा बेट घडवणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून जास्त एकट्या पोपटमाशांनी बनवलेली निघाली. पोपटमाशाचे दात चोचीसारखे जुळलेले असतात, तो प्रवाळाच्या खडकावरचं शेवाळ खरवडतो, त्यात खडकही पोटात जातो, घशातल्या दुसऱ्या दातांनी त्याचं पीठ करतो आणि मागून बारीक पांढरी वाळू सोडतो. आवाज येतो पाण्याखाली, कुणीतरी कडक तोस चावतंय असा. शांत दिवशी सगळीकडून कुरूम कुरूम. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू काढतो.

तिरपा_खेकडा

थांबा. म्हणजे हनिमूनचे ते सगळे फोटो, पांढऱ्या वाळूत बदाम काढून त्यात नावं लिहिलेले…

शंखपुष्पी

हसून हसून पुरेवाट. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे उपाय सोपा आहे. भिंत नको, पिशव्या नको, पोपटमासे पाळा आणि त्यांना इसबगोल घाला.

पाणबुड्या

हसताय पण मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाने २००९ मध्ये पोपटमाशाच्या मासेमारीवर बंदीच घातली. किनारा-रचनेचा सगळ्यात स्वस्त भाग तोच असावा, ताटातला मासा बदलणे.

रेवती_आराखडे

मी लँडस्केप आर्किटेक्ट, हॉटेलांच्या किनाऱ्याची कामं करते त्यामुळे मैनाचा प्रश्न जिव्हाळ्याचा. 'निसर्गाकडून शिकलेलं' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, त्या वेगळ्या केल्याशिवाय चर्चा पुढे जाणार नाही.

पहिली, निसर्गाचा नुसता आकार. काँक्रीटच्या ठोकळ्याला खाचा आणि भोकं पाडायची. सिडनीच्या बंदरात जुन्या उभ्या भिंतींवर अशा फरशा बसवल्यात, 'लिव्हिंग सीवॉल्स' म्हणतात. खाचांमध्ये पाणी साचून राहतं, कालवं, शेवाळ, छोटे मासे येतात. छान काम आहे, पण भिंत भिंतच राहते. तिने जीव वाढतात, वाळू परत येत नाही. मला राग त्या ब्रोशरांचा येतो जी ही फरशी दाखवून बीच वाचवला म्हणून सांगतात.

दुसरी, निसर्गाचं काम शिकणं. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडला २०१२ च्या सँडी वादळानंतर किनाऱ्यापासून थोडं आत पाण्यात दगडांच्या ८ राशी रचल्या, २०२४ मध्ये काम पुरं झालं. दगडांच्या मध्ये मुद्दाम गल्ल्या ठेवल्यात माशांच्या पिल्लांना लपायला, आणि त्यावर कालवं वाढावीत असा बेत. प्रामाणिकपणा असा की पूर थांबवू असं ते म्हणतच नाहीत. लाट मवाळ करू आणि धूप कमी करू, एवढंच.

तिसरी, निसर्गालाच काम करू देणं. इथे डिझायनरने हात खिशात घालायचे असतात आणि नेमकं तेच आम्हाला जमत नाही कारण फी कशाची लावायची? :) उदाहरण नेदरलँड्सचं झांडमोटर, वाळूचं इंजिन. २०११ मध्ये हेगजवळ २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू समुद्रतळातून काढून किनाऱ्याला चिकटून हुकासारखं वळलेलं एक टोक बनवलं आणि सोडून दिलं. पुढची साधारण वीस वर्षं वारा, लाटा आणि प्रवाह ती वाळू वाटत किनाऱ्याने नेणार. दर चार-पाच वर्षांनी थोडी थोडी टाकण्यापेक्षा एकदाच ढीग घाला आणि वाटपाचं काम समुद्राला द्या.

परदेशी_पाहुणा

झांडमोटरला गेलोय, शेजारच्याच शहरात सहा वर्षं राहतोय. रेवतीताईंनी सांगितलं ते सगळं बरोबर, फक्त ब्रोशरात नसलेलं सांगतो. तो 'बीच' पहिल्यांदा बघाल तर ओसाड वाटतो. इतका रुंद की समुद्रापर्यंत चालून पाय दुखतात, वाऱ्याने वाळू सुयांसारखी पोटऱ्यांना टोचते. पोहणाऱ्यांसाठी इशाऱ्याच्या पाट्या, कारण आकार बदलत असतो आणि प्रवाह कधी कुठून ओढेल सांगता येत नाही. मधे तयार झालेल्या लगूनमध्ये पतंग लावून सर्फिंग करणारे मात्र जाम खूष. आणि गंमत म्हणजे ती वाळू समुद्रतळातून आल्यामुळे त्यात हिमयुगातली हाडं सापडतात. लोक रविवारी पोरांना घेऊन मॅमथचे दात शोधायला येतात. माझ्या मुलीला एक काळं, दगडासारखं जड हाड मिळालंय, कशाचं ते अजून ठरत नाहीये, खिडकीत ठेवलंय.

म्हणजे पर्यटन आलं, पण आधी होतं ते नव्हे. छत्र्या आणि आरामखुर्च्यांचा बीच हवा असेल तर तो शेजारी शेवेनिंगेनला. तिथे समुद्रबांध नव्या फिरायच्या रस्त्याच्या पोटात लपवलाय. किंवा कात्वाइकला जा, तिथे दगडी बांध वाळूच्या टेकडीच्या आत, शेजारी टेकडीखालीच गाड्यांचं तळघर, वर गवत लावलेलं. २०१५ पासून आहे. गावातून बघाल तर नुसती टेकडी दिसते, खाली शेकडो गाड्या उभ्यायत हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

खडकाळ

कात्वाइक म्हणजे आमच्यासारख्यांचं समाधान. आत दगड, वर वाळू. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टलाही १९६७ च्या वादळांनंतर हीच रीत, टेकडीखाली दगडांची ओळ पुरलेली असते. सगळं सुरळीत असेल तर ती कुणाला दिसतच नाही, वादळाने वरची वाळू नेली की दर्शन देते. मग परत वाळू घालून झाकायची. भांडण 'दगड की निसर्ग' असं लावू नका, पुढे कोण उभं राहणार आणि मागे कोण, ते ठरवा.

चौकस

यशोगाथा पुरे. पडलेली कामं पण सांगा की. इंग्लंडमध्ये बॉस्कमला २००९ मध्ये वाळूच्या पिशव्यांचं कृत्रिम रीफ, म्हणजे प्रवाळासारखी पाण्याखालची रांग केली, सर्फर येतील, गाव फुलेल. २०११ ला बंद, पिशव्यांचं नुकसान. आणि फ्लोरिडात १९७२ साली जुने टायर बुडवून प्रवाळांना घर करून देणार होते, जवळपास २० लाख टायर! बांधलेले गठ्ठे सुटले, टायर तळावर लोळत जाऊन जवळच्या खऱ्या प्रवाळावर आदळले. नंतर लष्कराचे पाणबुडे ते काढत बसले.

तिरपा_खेकडा

२० लाख टायर?? हे निसर्गाकडून शिकलेलं नाही, गॅरेजकडून शिकलेलं आहे.

रेवती_आराखडे

चौकस, ही दोन्ही उदाहरणं मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. बॉस्कमच्याच जातीचं गोल्ड कोस्टचं नॅरोनेक मात्र टिकलं, तेही १९९९-२००० मध्ये वाळूच्या अजस्र पिशव्यांचंच. फरक काय? तिथे रीफ एकटं सोडलं नव्हतं, सोबत किनाऱ्यावर वाळूही टाकली आणि नंतर पिशव्या बदलण्याचं कामही केलं. बांधून फीत कापून निघून जाणाऱ्यांचं काहीच टिकत नाही.

पाँडिचेरी बघा. तिथे १९८९ च्या सुमारास बंदराचे बांध झाले आणि किनाऱ्याने उत्तरेकडे सरकणारी वाळू अडली, शहरासमोरची पुळण गेली, नुसते दगड उरले. एक अख्खी पिढी बीच न बघता मोठी झाली. मग राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराचं पोलादी रीफ बसवलं, २०१८ मध्ये, आणि मागे वाळू साठायला लागली. पण रीफ वाळू बनवत नाही हो, येणारी धरून ठेवते. येणंच बंद असेल तर धरणार काय? त्यामुळे कुठल्याही किनाऱ्यावर माझा पहिला प्रश्न असतो, तुमची वाळू कुठून यायची आणि ती कुणी अडवली?

हिशेबी

विम्याच्या धंद्यात असल्यामुळे एक वेगळी बाजू. मेक्सिकोतलं कानकून हे १९७० च्या दशकात वाळूच्या पट्टीवर वसवलेलं शहर. २००५ च्या विल्मा वादळाने बीच धुऊन नेला, २००६ ला वाळू भरली, ती गेली, २०१० च्या सुमारास परत भरली. मग त्या राज्याने काय केलं तर प्रवाळाचा विमा काढला! २०१९ मध्ये. नुकसान किती ते मोजत बसायचं नाही, ठरवलेल्या पट्ट्यात वाऱ्याचा वेग १०० नॉटच्या (ताशी साधारण १८५ किलोमीटर) वर गेला की पैसे सुटणार. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये डेल्टा वादळ आलं आणि ८ लाख डॉलरच्या वर रक्कम मिळाली. ती गेली कशावर, तर प्रशिक्षण घेतलेले कोळी आणि पाणबुडे खाली उतरून मोडलेल्या प्रवाळाचे तुकडे गोळा करून परत चिकटवतात त्यावर. घाई असते त्याची, तुकडे वाळूत लोळत राहिले की मरतात. आमच्या भाषेत प्रवाळ म्हणजे मालमत्ता, भिंतीसारखीच, फक्त घसारा लागायच्या ऐवजी वाढणारी.

पाणबुड्या

वाढणारी, पाणी फार तापलं नाही तर. मी उत्साहाने लिहितोय पण मलाच खात्री वाटत नाही हल्ली. २०२३ पासून जगभर प्रवाळ पांढरी पडण्याची चौथी मोठी लाट आली. मी पंधरा वर्षं ज्या उतारावर जातोय तिथे गेल्या खेपेला माझा ओळखीचा एक टेबलासारखा पसरलेला प्रवाळ होता, डायनिंग टेबलाएवढा, तो आधी झळझळीत पांढरा आणि नंतरच्या भेटीत तपकिरी शेवाळाने झाकलेला. आकार तसाच. लाटा अजून अडवतोय. पण मेलेला प्रवाळ झिजत जातो, पोपटमासे त्याला खरवडतच असतात, आणि पाणी वर चाललंय. लाट साधारणपणे खोली तिच्या उंचीच्या सव्वापट उरली की फुटते, माथ्यावरची खोली वाढली की मोठ्या लाटा न फुटता आत यायला लागणार. जिवंत असता तर निदान पाण्याबरोबर वर यायचा प्रयत्न केला असता.

शंखपुष्पी

वाईट वाटलं वाचून.

उंटावरचा_शहाणा

मग खारफुटी लावा ना सरळ. मुळं बघा कसली जाळीदार, लाट शिरली की हरवलीच.

हिरवी_पाने

वनस्पतीशास्त्रवाली आले. शहाणे, खारफुटी उत्तम पण ती चिखलात, खाडीत, आडोशाला वाढते. उघड्या समुद्राच्या वाळूवर लावलेली रोपं पहिल्या उधाणात वाहून जातात आणि फोटो तेवढे उरतात. जागा योग्य असेल तर १०० मीटर पट्ट्यात लाटेची उंची १३ ते ६६ टक्के कमी होते, एवढा मोठा फरक झाडांची जात, दाटी, पाण्याची खोली यामुळे पडतो. जावामध्ये देमाकला किनारा खचला तिथे आधी बांबू आणि फांद्यांच्या विरळ कुंपणाने गाळ अडवला, म्हणजे मग बिया आपोआप रुजतील. कल्पना फार गोड. पण तिथली जमीनच भूजल उपशाने खाली बसतेय, त्यामुळे गाळ चढतोय त्याहून वेगाने तळ उतरतोय. किनाऱ्याचं दुखणं किनाऱ्यावरच असतं असं नाही.

पर्यटनाच्या पुळणीसाठी माझी आवडती म्हणजे मर्यादवेल. उष्ण कटिबंधात जगभर वाळूवर असते. आपट्यासारखी दुभंगलेली पानं, जांभळी भोंग्यासारखी फुलं, आणि दोऱ्या अशा की एकेक कित्येक मीटर समुद्राकडे धावत जाते. वेलाच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. वारा वाळू घेऊन आला की पानांशी अडखळून टाकतो, वेल वाळूखाली गाडली जाते आणि परत वर येते, परत वाळू साठते. अशी टेकडी वाढते. वादळात समुद्र त्या टेकडीतून वाळू उसनी घेतो, समोर पाण्याखाली वाळूचा बांध तयार होतो, त्यावर पुढच्या लाटा फुटतात, आणि शांत दिवसांत तीच वाळू हळूहळू परत येते. यात डिझाइन करायला काही नाही. फक्त तुडवायचं नाही, लाकडी पायवाट वरून न्यायची.

आणि नाव तर बघा, मर्यादवेल! आपल्या लोकांनी नावातच नकाशा काढून ठेवलाय. वेलीच्या पुढे समुद्र, मागे आपण.

तिरपा_खेकडा

झाडावेलींनी राखलेल्या किनाऱ्याला, 'लिव्हिंग शोअरलाइन'ला मराठी शब्द शोधणारे दमले आणि वेल तिथेच पडलेली होती.

खडकाळ

हिरव्या पानांनो, सुरूच्या झाडाबद्दल पण सांगा. सगळीकडे सुरूच लावतात.

हिरवी_पाने

काका, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सुरू पटकन वाढतो, सावली देतो, वाऱ्याला अडवतो हे खरं. पण त्याच्या सुयांचा थर इतका जाड बसतो की खाली वेल, गवत काही येत नाही आणि मुळं उथळ, त्यामुळे खालची वाळू गेली की झाड मुळांच्या थाळीसकट आडवं. पुळणीवर आडवे पडलेले सुरू पाहिलेत ना? नारळही शोभेला ठीक, मुळांचा झुबका वाळूला फार धरत नाही. पण रिसॉर्टला नारळच हवा, कारण कॅलेंडरवर नारळ आहे.

दुसरी चीड म्हणजे 'स्वच्छता'. भरतीबरोबर समुद्रगवत आणि शेवाळाचे पुंजके येऊन पडतात ते रोज सकाळी यंत्राने ओरबाडून नेतात. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर पोसिडोनिया नावाचं गवत आहे, त्याच्या सुकलेल्या पानांचे जाड थर हिवाळी वादळांत पुळणीवर गादीसारखे साठतात आणि लाटांचा मार आधी स्वतः खातात. उन्हाळ्याआधी हॉटेलं ते ट्रकने उचलायची, सोबत टनावारी वाळू जायची आणि मग वाळू गेली म्हणून ओरडायचं! स्पेनच्या बालेआरिक बेटांनी २०१८ मध्ये त्या गवतासाठी स्वतंत्र कायदाच केला. रिब्रँडिंग करायला हवं त्या कचऱ्याचं.

रेवती_आराखडे

अगदी अगदी! माझं एक काम यावरच फसलं. टेकडी ठेवली, वेल लावली, लाकडी पूल वरून नेला. दोन वर्षांत वेल छान पसरली, टेकडी कमरेएवढी झाली. मग व्यवस्थापक बदलला. पाहुण्यांची तक्रार काय तर लाउंजमधून बसल्या जागी पाणी दिसत नाही आणि बीच 'मेंटेन केलेला वाटत नाही'. एका आठवड्यात यंत्र लावून सपाट. पुढच्या पावसाळ्यात लाउंजचा डेक गेला. मला फोन आला, मॅडम, एक भिंत डिझाइन करून द्याल का.

चौकस

दिली का?

रेवती_आराखडे

नाही. दुसऱ्या कुणीतरी दिली.

खडकाळ

मी नव्हे हो! :)

हिशेबी

मला वाटतं मैनाताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. तंत्र बऱ्यापैकी माहीत आहे सगळ्यांना. हॉटेल मात्र पाण्यापासून वीस पावलांवर बांधलंय आणि हलायला तयार नाही. वाळू हलणार, हॉटेल हलणार नाही, मग मधल्या जागेसाठी रोज मारामारी. मागे सरकून बांधलं असतं तर निम्मी कामं लागलीच नसती. पण त्याला डिझाइन म्हणून बक्षीस मिळत नाही आणि 'बीचफ्रंट'चा दर पण मिळत नाही.

चौकस

हे पहिलं वाक्य आहे या धाग्यात जे मला शंभर टक्के पटलं. मागे सरा. पण ज्यांचं आधीच बांधून झालंय त्यांचं काय? अख्खी शहरं आहेत. मायामी बीच उचलून कुठे ठेवणार? तिथली पुळण तर १९७६ ते १९८१ मध्ये भरलेली, तेव्हापासून भरतच आहेत.

परदेशी_पाहुणा

भरत राहणं हे अपयशच आहे असं का मानायचं? इथे १९९० पासून धोरणच आहे, किनाऱ्याची रेषा ठरवलेली आहे आणि ती मागे गेली की वाळू घालायची. रस्ते दुरुस्त करतो तसं. लाजत नाहीत आणि गाजावाजाही नाही. पण ज्या देशाचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे तो हे खर्च न कुरकुरता करतो, एखादं लहान बेट कसं करणार हा प्रश्न आहेच.

पाणबुड्या

लहान बेटांसाठी एक प्रयोग मला आवडतो. मालदीवमध्ये २०१९ पासून अमेरिकेतल्या एमआयटीची एक प्रयोगशाळा स्थानिक संस्थेबरोबर पाण्याखाली विशिष्ट आकाराचे अडथळे ठेवून बघतेय, लाटा आणि प्रवाह स्वतःच हव्या त्या जागी वाळू साठवतील अशा हिशेबाने. समुद्र वाळू हलवतोच आहे, तर त्याला जरा वळण द्यायचं, हातगाडी नको. अजून प्रयोगच आहे, चमत्कार म्हणून विकू नका.

उंटावरचा_शहाणा

हातगाडीवाल्यांच्या युनियनचा निषेध.

भटकी_मैना

बाप रे, दोन दिवस नव्हते तर धागा कुठच्या कुठे. सगळ्यांचे मनापासून आभार, पोपटमाशांचे विशेष.

हिरव्या पानांचा प्रतिसाद वाचून सुट्टीचे फोटो परत काढले. आमच्या खोलीसमोरचे सगळे फोटो गुळगुळीत, एक पान नाही. पण शेवटच्या दिवशी मी चालत बेटाच्या त्या दुसऱ्या टोकाला गेले होते, जिथून ते चौघे वाळू आणायचे. तिथे कामगारांच्या खोल्या आहेत, त्यामुळे कुणी दाताळं फिरवत नाही, पाहुण्यांनी जाऊ नये म्हणून दोरी लावलेली. फोटोत नीट दिसतंय, वाळलेल्या गवताचे पुंजके, दोन तुटक्या चपला, आणि मधून त्या दुभंगलेल्या पानांच्या लांब लांब दोऱ्या समुद्राकडे गेलेल्या. मागे उंचवटा. आणि पुळण आमच्यापेक्षा तिप्पट रुंद, रोज हातगाड्या भरून नेऊनसुद्धा!

पाणबुड्या

मोसमाचा हात असणारच त्यात, पण हो. फोटो टाका.

तिरपा_खेकडा

पुढच्या वेळी बुकिंग करताना कामगारांच्या बाजूची खोली मागा.

भटकी_मैना

नवऱ्याने गंमतीत विचारलं होतं निघताना. रिसेप्शनवाली म्हणाली, सर तिथून समुद्र दिसत नाही, मध्ये झाडी आहे.